'एक फ्राय दिली तर काय होतंय?': बाळाच्या खाण्यावरून आई-बाबांत वाजतं तेव्हा नेमकं बरोबर कोण असतं?

मॉलच्या फूड कोर्टात हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. कदाचित त्यात स्वतः सापडलाही असाल. आठ-नऊ महिन्यांचं बाळ उंच खुर्चीत बसलंय. बाबा ट्रेमधली एक फ्रेंच फ्राय उचलून त्याच्या मुठीत देतात. बाळ ती चोखतं, क्षणभर थबकतं आणि दोन दात दाखवत हसतं. बाबा मोबाईल काढणार तेवढ्यात समोरून आवाज येतो, "अरे, मीठ आहे त्यात!" त्यावर ठरलेलं उत्तर, "एक दिली तर काय होतंय? आपण नाही का खाल्लं लहानपणी?" मग घरी पोचेपर्यंत गाडीत शांतता.

घरोघरी पात्रं बदलतात. कुठे आई दमून फ्राय देते आणि बाबा रीलमध्ये ऐकलेले नियम सांगतात. कुठे आजी चहात बुडवलेलं बिस्किट भरवते आणि सून "आई, नका ना देऊ" म्हणत दारात उभी असते. प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतो. एवढ्याशा बाळाला बाहेरचं चमचमीत दिलं तर खरंच काही बिघडतं का?

आधी सरळ उत्तर देऊन टाकू. एका फ्रायने बाळाला काही होत नाही. तरीही 'देऊ नकोस' म्हणणारी व्यक्ती बरोबर असते. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते समजलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

नियम काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या वरच्या खाण्याबद्दल नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जास्त साखर, जास्त मीठ आणि ट्रान्स फॅट असलेले पदार्थ या वयात देऊ नयेत, गोड पेयं तर अजिबात नकोत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१९ मध्ये जंक फूडवर वेगळी नियमावली काढली. तिच्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पाकिटातला फळांचा रससुद्धा नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराचे नवे निर्देश जाहीर केले. लहान बाळाच्या अन्नात वरून साखर घालू नका, हे त्यांनीही सांगितलं.

म्हणजे नियमांत गोंधळ नाही. पण नियम वाचून दाखवल्याने नवरा-बायकोचं भांडण मिटल्याचं उदाहरण शोधूनच काढावं लागेल. त्यामागचं कारण कळलं, तर गोष्ट वेगळी.

मिठाचं गणित

बाळाची मूत्रपिंडं म्हणजे मोठ्या माणसाच्या मूत्रपिंडांची फक्त छोटी आवृत्ती नव्हे. ती अजून तयार होत असतात. जास्तीचं मीठ बाहेर टाकायची त्यांची ताकद कमी असते आणि पूर्ण क्षमतेला यायला त्यांना साधारण दोन वर्षं लागतात. म्हणून ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा सांगते की, वर्षाखालच्या बाळाच्या पोटात दिवसभरात १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी दिवसाला ३७० मिलिग्रॅम सोडियम पुरेसं मानलंय. दोन्ही हिशोब जवळपास एकाच ठिकाणी येतात. चहाच्या चमच्याचा जेमतेम सहावा भाग मीठ, तेही चोवीस तासांत. यातलं बरंचसं सोडियम दुधातून आणि साध्या घरच्या अन्नातून मिळूनच जातं.

आता घरात इन्स्टंट नूडल्सचं पाकीट असेल तर उलटं करून बघा. बऱ्याच पाकिटांवर १०० ग्रॅममागे १००० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम लिहिलेलं असतं. म्हणजे ७० ग्रॅमच्या छोट्या पाकिटात साधारण ७००. दोघांनी खाताना बाळाला पाव पाकीट भरवलं, तर पावणेदोनशे मिलिग्रॅम गेलं. दिवसाच्या हिशोबातला जवळपास अर्धा भाग एका वाटीत संपला.

लेबल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पाकिटावर 'मीठ' नाही, 'सोडियम' लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

या गणितात बाबांची ती एक फ्राय फार छोटी आहे. तिने दिवसाचा हिशोब कोलमडत नाही. पण बाळ काही एकीवर थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही थांबत नाही.

जाता जाता एक गैरसमज. 'तेलकट आहे म्हणून देऊ नकोस' हे कारण अर्धवट आहे. बाळाला स्निग्ध पदार्थ लागतात. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातूनच येते. त्यामुळे आजी खिमटीवर तुपाची धार सोडत असेल तर सोडू द्या. आक्षेप आहे तो मीठ, साखर आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला.

'आपण नाही का खाल्लं?'

हा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण त्याला उत्तर आहे. मॅकडॉनल्ड्स भारतात आलं १९९६ मध्ये. डॉमिनोजही त्याच वर्षी. आज तिशीत असलेले आई-बाबा त्याच सुमारास जन्मले. त्यांनी बर्गर खाल्ला तो बहुतेक आठव्या-दहाव्या वर्षी, कुणाच्या तरी वाढदिवसाला. आठव्या महिन्यात ते मऊ भात, वरणाचं पाणी आणि नाचणीचं सत्त्वच खात होते. त्यामुळे 'आपण खाल्लं' हे खरं असलं तरी 'या वयात खाल्लं' हे खरं नाही.

पण इतक्या लहानपणी खाल्लेल्याचा पुढे खरंच परिणाम होतो का? हे तपासायला बाळांचे दोन गट करून एका गटाला मुद्दाम साखर चारता येत नाही. इतिहासाने मात्र साखरेच्या बाबतीत असा एक प्रयोग करून ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेवर रेशनिंग होतं आणि ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. बंधन जाताच लोकांचं साखरेचं सेवन जवळपास दुप्पट झालं. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या मुलांपैकी काहींची पहिली दोन वर्षं कमी साखरेत गेली, तर काहींची भरपूर साखरेत.

संशोधकांनी अशा सुमारे ६० हजार लोकांच्या उतारवयातल्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत ज्यांना रेशनची साखर मिळाली, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सरासरी चार वर्षं उशिरा झाला. हा फायदा वरचं खाणं सुरू होतं त्या सहा महिन्यांनंतरच्या काळात जास्त ठळक होता.

हा अभ्यास फ्रेंच फ्राईजचा नव्हता आणि एका बिस्किटाने मधुमेह होतो असंही तो सांगत नाही. पण 'एवढ्या लहान वयातलं कुठे अंगाला लागतंय' या समजाला तो चांगलाच धक्का देतो.

वाटीभर पोट

बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. आठ किलोचं बाळ असेल तर एका वेळी २४० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान करणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. एवढ्याशा जागेत लोह, झिंक, प्रथिनं, जीवनसत्त्वं सगळं बसवायचं असतं.

यात लोह सगळ्यात नाजूक. बाळ जन्मताना लोहाचा साठा सोबत आणतं आणि तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधात लोह कमी असतं, म्हणून ते आता अन्नातूनच यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांमध्ये रक्ताक्षय आढळला. त्याच पाहणीनुसार देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या १०० बाळांपैकी फक्त ११ बाळांना पुरेसा आहार मिळतो.

म्हणून फास्ट फूडचं मोठं नुकसान त्यात काय आहे यापेक्षा, त्याने कशाची जागा घेतली यात असतं. फ्राईज, वेफर्स, बिस्किटांनी वाटी भरली की डाळ, अंडं, पालेभाजी बाहेर राहते. बाळ उपाशी दिसत नाही. कधीकधी तर छान गुटगुटीत दिसतं.

बिल दुसऱ्या दिवशी येतं, तेही दुसऱ्याच्या नावावर

या भांडणाचं मूळ मला तरी इथे दिसतं. पोषणशास्त्रात नाही, घरातल्या कामाच्या वाटणीत.

आपल्याकडे 'खाऊ' हा शब्द आहे. खाऊ म्हणजे नुसतं खाणं नव्हे. बाहेरून येणाऱ्या माणसाने हातातून आणलेलं प्रेम. दिवसभर ऑफिस आणि लोकलमध्ये असलेल्या बाबाला बाळाचा जेमतेम एक तास मिळतो. त्या तासात बाळ आपल्याकडे बघून हसावं, यात गैर काहीच नाही. फ्राय दिली की ते हमखास हसतं. नाचणीचं सत्त्व दिलं तर ते तोंडातून परत येईल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्त्वाची वाटी घेऊन कोण बसतं? बहुतेक घरांत आई. ज्या बाळाने काल चार घास खाल्ले होते, ते आज तोंड फिरवतं. प्रत्येक वेळी हे फ्रायमुळेच होतं असं नाही. दात येतात, सर्दी असते, मूड नसतो. पण चवीची सवय ही खरी गोष्ट आहे. गोडाची ओढ बाळ जन्मतःच घेऊन येतं. मिठाची ओढ चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तयार व्हायला लागते. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये २०१२ मध्ये एक छोटा अभ्यास झाला. सहा महिन्यांच्या आत ज्यांना ब्रेड, क्रॅकरसारखे तयार पिष्टमय पदार्थ मिळाले होते, त्या बाळांना खारट पाणी जास्त आवडत होतं. पुढे बालवाडीच्या वयात त्यांच्यात नुसतं मीठ चाटण्याचं प्रमाणही जास्त दिसलं.

उलट साधी, नवी चव आवडायला वेळ लागतो. एखादी भाजी बाळाने स्वीकारण्याआधी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पुढे करावी लागते. आई पाचव्या प्रयत्नावर असते आणि मध्येच एक कुरकुरीत, खारट पदार्थ येऊन सगळी स्पर्धा जिंकून जातो. म्हणून 'एकच तर दिली' हे देणाऱ्याला क्षुल्लक वाटतं आणि भरवणाऱ्याला नाही. आनंद एकाच्या हातून दिला जातो, किंमत दुसऱ्याच्या वेळेतून वळती होते.

हीच गोष्ट उलटही लागू होते. नियम सांगणारी व्यक्ती स्वतः कधी खिमट शिजवत नसेल, तर तिचं 'बाहेरचं देऊ नकोस' समोरच्याला उपदेशच वाटणार. रात्री तीनदा उठलेल्या, सकाळी डबे भरलेल्या आईने संध्याकाळी पाकीट फोडलं, तर तिला आकडे ऐकवण्याआधी वरण-भात कुणी लावायचा ते ठरवायला हवं.

बर्गरवरून भांडण, बिस्किटावर मौन

बऱ्याच घरांत बर्गरला कडक विरोध असतो आणि चहा-बिस्किट मात्र बिनबोभाट चालू असतं. ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम साखर लिहिलेली असते. चार-पाच बिस्किटं म्हणजे एक चमचा साखर झाली. त्यात चहा असेल तर चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. फूड कोर्टला बाळ महिन्यातून एकदा जातं, बिस्किट रोज दोनदा. यात धोका कुठे जास्त, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि हा फक्त मॉलवाल्यांचा विषय नाही. अंगणवाडीशेजारच्या टपरीवरचं पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट रडणाऱ्या बाळाला गप्प करायचं सगळ्यात स्वस्त साधन झालंय.

बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांचंही तेच. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' आणि 'इब्फान' या संस्थांनी एक अहवाल काढला. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका खेपेमागे सरासरी २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली आढळली, तर युरोपातल्या काही देशांत तसंच उत्पादन साखरेशिवाय विकलं जात होतं. आपण भारतीय नियम पाळतो आणि पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असं कंपनीने सांगितलं. पुढे बिनसाखरेचे प्रकारही जाहीर केले. नियमांत काही मर्यादेपर्यंत साखरेला मुभा होतीच, म्हणून कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. डब्यावर बाळाचा फोटो आहे म्हणून मागची बारीक अक्षरं वाचायची नाहीत, असं मात्र करू नका.

मग ठरवायचं कसं?

पहिली गोष्ट, फ्राय हातात असताना भांडू नका. त्या क्षणी कुणीच हरायला तयार नसतं आणि बाळ दोघांकडे आळीपाळीने बघत असतं. घरी, बाळ झोपल्यावर, वयाची एक रेघ ठरवा. वर्षापर्यंत पाकिटातलं आणि हॉटेलातलं खारट-गोड नाही. वर्ष ते दोन वर्षं घरचंच, आपल्याच ताटातलं, पण मीठ-तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं. दोन वर्षांनंतर बाहेरचं कधीतरी, सवय म्हणून नाही. रेघ एकदा ठरली की ती आजी-आजोबांना सांगायचं काम ज्याचे आई-वडील त्याने करावं. सुनेने सासूला सांगितलं की विषय बिस्किटाचा राहत नाही.

दुसरं, बाहेर जाताना बाळाचं खाणं सोबत ठेवा. आपण तिघांच्या टेबलावर दोघं खाणार आणि बाळाने बघत बसायचं, हे त्याला जमणार नाही. तुम्ही जे खाताय ते त्याला हवं असतं, कारण तुम्ही ते खाताय. मऊ केळं, पिकलेली पपई, उकडलेल्या बटाट्याची किंवा रताळ्याची लांब फोड, दही-भात यातलं काहीही चालेल. बाबांना खाऊ द्यायचाच असेल तर ही फोड त्यांच्या हातून जाऊ दे. बाळाला हसू फ्रायमुळेच येतं असं नाही. बराचसा वाटा समोरच्या चेहऱ्याचा असतो.

तिसरं, नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला जाल तेव्हा माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा तक्ता डॉक्टरांकडून किंवा अंगणवाडी ताईंकडून समजून घ्या. वजन रेषेवर आहे का, लोहाचे थेंब चालू करायचे का, हे विचारा. 'सांगा हो डॉक्टर, कोण बरोबर' हे विचारू नका. त्यांना बाहेर वीस जण थांबलेले असतात.

आणि समजा, खाल्लंच गेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. पुढचं जेवण नेहमीसारखं द्या, दूध चालू ठेवा. वारंवार उलट्या किंवा जुलाब, लघवी कमी होणं, बाळ मलूल पडणं, अंगावर पुरळ उठणं किंवा श्वासाला त्रास दिसला तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

दोन गोष्टींत 'एकदाच' हा शब्दही चालत नाही. एक म्हणजे मध. वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची रीत अजून काही घरांत आहे, ती बंद करा. दुसरं, घशात अडकणारे पदार्थ. सिनेमागृहातले पॉपकॉर्न, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या. इथे प्रश्न पोषणाचा नाही, श्वासाचा आहे.

राहता राहिला पहिल्या वाढदिवसाचा केक. त्यावरूनही वाजतंच. उष्टावणाला मामाने खिरीचं बोट चाटवलं तेव्हा कुणी साखरेचे ग्रॅम मोजले नव्हते, तसंच इथेही बोटभर क्रीमवर भांडण नको. फोटो काढा, केक पाहुण्यांना वाटा. बाळाला त्याआधीच पोटभर जेवू घातलेलं असलं की ते तसंही केक खाण्यापेक्षा त्यात हात घालण्यातच जास्त रमतं.